हापूसवर बंदी घालणारा कागद नेमका कुणाच्या नावाने होता?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, किंवा एसटीत बसल्यावर इअरफोन घरी राहिल्याचं लक्षात आलं असेल, तर हे त्याचं लिखित रूप. बोलताना दर दोन वाक्यांनी येणारं माझं 'बेसिकली' काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे. या वेळचं रेकॉर्डिंग पुण्यातल्या खोलीत केलेलं नाही. आरे-वारेला काकांच्या घरी केलंय, त्यामुळे ऑडिओत मागे समुद्र आहे. नॉइज रिडक्शन लावून पाहिलं, तर माझाही आवाज गेला.

विषय आहे युरोपीय युनियनचे कायदे. थांबा, पुढे ढकलू नका. तुमच्या हातातल्या फोनचं चार्जिंगचं भोक, वेबसाइट उघडल्यावर कुकीजची परवानगी मागणारी ती पट्टी, आणि मे २०१४ मध्ये लंडनला जायच्या ऐवजी वाशीतच अडकलेली हापूसची पेटी, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणच्या कागदांनी घडवल्यात. पण ते तीन कागद तीन वेगळ्या जातींचे आहेत. जात कळली की तो कागद कुणाला बांधतो, कधीपासून बांधतो आणि त्याच्याविरुद्ध ओरडायचं असेल तर कुठे ओरडायचं, हे बरंचसं कळतं. मी वकील नाही, सॉफ्टवेअर लिहितो. पण युरोपातले युजर असलेल्या प्रॉडक्टवर काम केलं की हे कागद वाचावेच लागतात. आणि घरचा धंदा आंब्याचा असल्यावर ते दुसऱ्या बाजूनेही येऊन आदळतात.

आधी त्या मधल्या प्रश्नाचं बघू. युरोपीय युनियन हा देश नाही. पण तो संयुक्त राष्ट्रसंघासारखा चर्चा करून घरी जाणाऱ्यांचा क्लबही नाही. सदस्य देशांनी करार करून आपापले काही अधिकार वर दिलेत. म्हणजे शेतमालाच्या आयातीचे नियम, बाजाराचे नियम, मासेमारी, अशा बाबतींत कायदा वर होतो आणि तो देशाच्या कायद्याच्या वर बसतो. ब्रसेल्समधला युरोपीय आयोग प्रस्ताव मांडतो, निवडून आलेली युरोपीय संसद आणि देशांच्या मंत्र्यांची परिषद मिळून मोठे कायदे पास करतात. आणि त्या मोठ्या कायद्यांनी दिलेल्या अधिकारात आयोग स्वतः छोटे छोटे कागद काढत राहतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आंब्याला तेच लागलं.

आता हत्यारं. करारातलं कलम २८८ पाच नावं देतं: रेग्युलेशन, डायरेक्टिव्ह, डिसिजन, शिफारस आणि मत. शेवटची दोन बंधनकारक नाहीत, त्यांना इथेच सोडू. आपल्याकडे केंद्राने २००३ मध्ये बाजार समित्यांचा मॉडेल कायदा राज्यांकडे पाठवला होता, ज्याला हवा त्याने घेतला, ज्याने नाही घेतला त्याला कुणी काही करू शकलं नाही. साधारण तसंच.

रेग्युलेशन म्हणजे सर्व्हरवरून थेट ढकललेला अपडेट. सगळ्या सदस्य देशांत, एकाच दिवशी, एकाच शब्दांत लागू. देशाच्या संसदेने वेगळा कायदा करायची गरज नाही. डायरेक्टिव्ह म्हणजे स्पेसिफिकेशन. काय साध्य व्हायला हवं आणि कधीपर्यंत, हे वरून येतं. कोड प्रत्येक देशाने आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीने लिहायचा. डिसिजन म्हणजे ठरावीक लोकांच्या नावाने काढलेला आदेश. ज्याचं नाव वर लिहिलंय त्यालाच तो बांधतो, पण पूर्ण बांधतो.

चार्जरचं घ्या. २०२२ मध्ये आलेला २०२२/२३८० नंबरचा कागद डायरेक्टिव्ह आहे. सगळ्या देशांनी २८ डिसेंबर २०२३ पर्यंत आपापले कायदे करायचे आणि २८ डिसेंबर २०२४ पासून बाजारात येणारे फोन, टॅब्लेट, हेडफोन, कॅमेरे वगैरे यूएसबी-सीने चार्ज व्हायला हवेत. लॅपटॉपला २८ एप्रिल २०२६ पर्यंत मुदत. अॅपलने तर शेवटच्या तारखेची वाट न बघता सप्टेंबर २०२३ मध्येच आयफोन १५ ला यूएसबी-सी दिलं, आणि ते फक्त युरोपासाठी वेगळं नाही बनवलं. रत्नागिरीच्या दुकानातही तेच मिळतं. युरोपच्या एका डायरेक्टिव्हने माझ्या बॅगेतली एक केबल कमी केली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता डेटाचं. युरोपात १९९५ पासून खासगी माहितीच्या संरक्षणाचा डायरेक्टिव्ह होता. म्हणजे प्रत्येक देशाने आपापला कायदा लिहिलेला. जर्मनीत एक अर्थ, आयर्लंडमध्ये दुसरा. कंपन्यांना जिथे सोयीचं तिथे ऑफिस टाकता यायचं. २०१६ मध्ये त्यांनी तो काढून त्या जागी रेग्युलेशन आणलं, तेच जीडीपीआर, आणि ते २५ मे २०१८ पासून लागू झालं. त्यातला मोठ्यात मोठा दंड २ कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. विषय तोच, पण डायरेक्टिव्हचं रेग्युलेशन झालं आणि पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसांत इंजिनिअर लोक रात्री बसून डिलीटचं बटण लिहू लागले. (कुकीजच्या पट्टीचं मूळ खरं तर त्याहून जुन्या दुसऱ्या डायरेक्टिव्हमध्ये आहे. जीडीपीआरने संमती म्हणजे काय ते कडक केलं आणि पट्ट्या वाढल्या.)

हे झालं सोपं. आता डिसिजन, आणि त्यासाठी आंबा.

मार्च २०१४ मध्ये युरोपीय देशांच्या वनस्पती-आरोग्य तज्ज्ञांच्या समितीने भारतातून येणारी काही फळं-भाज्या थांबवायला संमती दिली. २४ एप्रिलला आयोगाने कागद काढला, नंबर २०१४/२३७/ईयू. लागू १ मेपासून. म्हणजे तारखेपासून अंमलापर्यंत सात दिवस. कारण असं दिलं होतं की २०१३ मध्ये भारतातून आलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या. बंद झालेल्या गोष्टी पाच: आंबा, वांगं, कारलं, पडवळ आणि अळू. अळूतही बारकावा बघा. बिया आणि कंद सोडून, असं लिहिलं होतं. म्हणजे अळकुड्या चालतील, पानं नाहीत. लंडनमधल्या कुठल्या तरी घरातली अळूवडी ब्रसेल्सच्या एका कलमाने गेली.

एकूण निर्यातीच्या मानाने हा माल थोडा होता. भारतातून युरोपात जाणाऱ्या ताज्या फळं-भाज्यांच्या ५ टक्क्यांहून कमी, असं आयोगाचंच म्हणणं होतं. आणि आपल्या आंब्याचं मोठं गिऱ्हाईक आखात, युरोप नव्हे. मग आरडाओरडा का? कारण तारीख. हापूसचा हंगाम मार्चच्या आसपास सुरू होतो आणि मे संपता संपता आटोपतो. १ मे म्हणजे ऐन भरात. युरोपसाठी निवडलेला, चांगल्या वजनाचा, डाग नसलेला माल जेव्हा एकदम वाशीच्या बाजारात परत उभा राहतो, तेव्हा तो फक्त निर्यातदाराचा प्रश्न राहत नाही.

आमच्या काकांची कलमं वारेच्या वरच्या सड्यावर, जांभ्या दगडात. थोडीच आहेत. त्यांनी आयुष्यात एक पेटी परदेशी पाठवलेली नाही. माल दलालाकडे जातो, पंधरा-वीस दिवसांनी पट्टी येते, त्यात हमाली, तोलाई, अडत, भाडं वजा करून आकडा असतो. २०१४ च्या मेमध्ये मी अकरावीची परीक्षा देऊन इथे सुट्टीला होतो. पट्टीतला आकडा आदल्या खेपेपेक्षा पडलेला, आणि त्यावर कारण म्हणून एकच शब्द पेनाने लिहिलेला: 'युरोप'. आता बाजार पडायला दहा कारणं असतात. उष्मा वाढला की माल एकदम तयार होतो, गुजरातचा आंबा येतो, कर्नाटकचा येतो. त्या पट्टीतला किती वाटा युरोपचा आणि किती सोयीचा, हे सांगता येणार नाही. पण त्या शब्दाशी वाद घालायला काकांकडे काहीच नव्हतं. कागद कुणी पाहिलाच नव्हता.

मी तो पुढे नोकरीला लागल्यावर वाचला. दोन-तीन पानांचा आहे. आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ सगळ्यात शेवटी आहे: हा निर्णय सदस्य देशांना उद्देशून आहे.

म्हणजे काय, तर त्या कागदाने भारताला काहीही सांगितलेलं नाही. शेतकऱ्याला नाही, निर्यातदाराला नाही, दिल्लीलाही नाही. तो तेव्हाच्या २८ सदस्य देशांना सांगतो की तुमच्या बंदरावर, विमानतळावर हा माल आत घेऊ नका. युरोपला भारतावर हुकूम चालवायचा अधिकार नाहीच. त्याचा अधिकार स्वतःच्या दारावर आहे. पण दार मोठ्या गिऱ्हाइकाचं असलं की बाहेरच्यांनाही त्याच्याच मापाने वागावं लागतं.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आमच्यावर बंदी, नि पत्र दुसऱ्याच्या नावावर?" बरोबर हेच.

याचा परिणाम कोर्टात दिसतो. युरोपच्या कायद्याविरुद्ध लक्झेंबर्गच्या न्यायालयात थेट जायचं तर कलम २६३ विचारतं: कागद तुमच्या नावाने आहे का? नसेल, तर तो तुम्हाला थेट आणि व्यक्तिशः लागतो का? या 'व्यक्तिशः'चा अर्थ १९६३ मध्ये एका फळव्यापाऱ्याच्याच खटल्यात ठरला. हॅम्बर्गची प्लाउमान नावाची कंपनी बाहेरून क्लेमेंटाइन आणायची, म्हणजे छोटी संत्र्यासारखी फळं. जर्मन सरकारला त्यावरचं आयातशुल्क कमी करायचं होतं. आयोगाने नाही म्हटलं, डिसिजन जर्मनीच्या नावाने. प्लाउमान कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, तुमचं नुकसान होत असेल, पण क्लेमेंटाइन आणायचा धंदा कुणीही कधीही करू शकतो. तुम्ही त्या गर्दीतले एक. तुम्हाला वेगळं ओळखून काढेल असं त्या कागदात काही नाही. अर्ज बाद.

हा निकाल आजही युरोपीय कायद्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतात. २००९ च्या लिस्बन करारानंतर काही प्रकारच्या कागदांसाठी दार थोडं किलकिलं झालं. युरोपातला आयातदार आपल्या देशाच्या कोर्टातून प्रश्न वर पाठवू शकतो, तो रस्ताही आहे. पण हॅम्बर्गमध्ये बसलेल्या फळवाल्याला जिथे उभं करून घेतलं नाही, तिथे वारेच्या बागायतदाराचं काय? मला हा नियम निष्ठुर वाटतो. त्याचं कारण समजतं, नाहीतर जगातला प्रत्येक व्यापारी प्रत्येक कागदाविरुद्ध रांगेत उभा राहील. तरीही निष्ठुरच.

मग ओरडायचं कुठे? कोर्ट नाही तर सरकार-सरकार. जागतिक व्यापार संघटनेत अन्नसुरक्षा आणि वनस्पती-आरोग्यासाठी वेगळा करार आहे. असे निर्बंध शास्त्रीय आधारावर हवेत, गरजेपेक्षा जास्त जाचक नकोत, असं तो म्हणतो. तेव्हाचे वाणिज्यमंत्री आनंद शर्मा यांनी युरोपच्या व्यापार आयुक्तांना पत्र लिहिलं. ब्रिटनमध्येही गुजराती-मराठी वस्त्यांतून आवाज उठला, लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी विषय लावून धरला. ब्रिटनमध्ये वर्षाला जवळपास १ कोटी ६० लाख भारतीय आंबे येतात असा आकडा तेव्हा तिकडच्या बातम्यांत होता. पण ब्रिटिश सरकारने बंदीला पाठिंबा दिला. त्यांना काळजी काचघरातल्या टोमॅटो-काकडीची होती. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हेही विचारून बघा. बाहेरची कीड एकदा आत शिरली की बाहेर काढता येत नाही. आपण इथे बागेत फळमाशीसाठी रक्षक सापळे टांगतो ते काही हौस म्हणून नाही.

पत्रांनी बंदी उठली नाही. उठली ती दुसऱ्या कारणाने, आणि ते कारणही कागदातच होतं. त्याला शेवटची तारीख होती: ३१ डिसेंबर २०१५. हा कागद मुळात तात्पुरता. तो २००० सालच्या वनस्पती-आरोग्य डायरेक्टिव्हने दिलेल्या अधिकारात काढलेला, नावातच 'इम्प्लिमेंटिंग डिसिजन'. म्हणजे संसदेत मतदान नाही, आयोग आणि देशांच्या तज्ज्ञांची समिती, बस. ज्या दाराने आठवड्याभरात बंदी येते, त्याच दाराने ती लवकर परतही जाऊ शकते, कारण उठवायलाही तीच समिती पुरते. संसदेत पास झालेलं रेग्युलेशन असतं तर बदलायला वर्षं गेली असती.

भारताने काय केलं, तर युरोपला जाणारा असा माल अपेडाची मान्यता असलेल्या पॅकहाऊसमधूनच, सरकारी तपासणीखालीच जाईल अशी व्यवस्था बसवली. सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपचे निरीक्षक येऊन बघून गेले. जानेवारी २०१५ मध्ये समितीने आंब्याच्या बाजूने मत दिलं आणि १२ फेब्रुवारी २०१५ ला जुना डिसिजन दुरुस्त करणारा नवा डिसिजन निघाला. मुदतीच्या दहा महिने आधी. २०१५ चा हंगाम वाचला. भाज्या मात्र आणखी काही काळ बाहेरच राहिल्या, कारण समितीने पाचही गोष्टींचा एकत्र विचार न करता आंबा वेगळा काढला.

आता यात कुणी जिंकलं का? निर्यातदार जिंकला, हे नक्की. पण अट काय आली ते बघा. युरोपला जाणाऱ्या आंब्याला उष्णजल प्रक्रिया, ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं. एक अंश इकडे-तिकडे झाला की एकतर माशीची अंडी जगतात नाहीतर फळाची साल काळवंडते. हे घरच्या आढीत होत नाही, त्याला यंत्र लागतं. अमेरिकेसाठी २००७ पासून विकिरण आहे, लासलगावला. रत्नागिरीत पणन मंडळाचं आंबा निर्यात सुविधा केंद्र आहे. शिवाय बागेची मँगोनेटवर नोंदणी, सातबारा, फवारणीची नोंदवही. कुठल्या दिवशी कुठलं औषध किती मारलं, सगळं लिहून. काका फवारणीची तारीख घराच्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहितात. ती नोंद खरी असते, पण ब्रसेल्सला चालणारी नाही. थोडक्यात, सदस्य देशांच्या नावाने निघालेला कागद बाहेरून फिरून शेवटी बागायतदाराच्या घरात नवीन वही होऊन आला.

मला विचाराल तर २०१४ च्या बंदीपेक्षा ही वही जास्त महत्त्वाची. कारण बंदी गेली, वही राहिली, आणि पुढचा कागद त्या वहीलाच लागतो. तो बंदीसारखा गाजत नाही.

कसा, ते सांगतो. युरोपात अन्नातल्या कीटकनाशकांच्या अंशाचं एक रेग्युलेशन आहे, ३९६/२००५. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे किलोला ०.०१ मिलीग्रॅम. म्हणजे एक टन आंब्यात १० मिलीग्रॅम, दहा कोटी भागांत एक भाग. या रेग्युलेशनच्या याद्या सतत बदलतात. २०२३ मध्ये आयोगाने २०२३/३३४ काढलं, तेही रेग्युलेशनच. क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झाम या दोन औषधांची मर्यादा मोजता येईल त्या किमान पातळीवर आणली. थायमेथोक्झाम म्हणजे आपल्याकडे मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी मारतात त्यांतलं एक. गंमत अशी की कारण माणसाच्या तब्येतीचं नाही, मधमाश्यांचं आणि परागीकरण करणाऱ्या इतर कीटकांचं आहे. आणि फक्त युरोपातल्या नव्हे, जगभरातल्या. आमच्या मोहोरावर बसणाऱ्या माश्यांची काळजी ब्रसेल्सने केली. यात मला थोडं हसूही येतं आणि थोडं बरंही वाटतं.

लागू व्हायची तारीख त्यात लिहिली आहे ७ मार्च २०२६. म्हणजे तीन वर्षांची सूचना. २०१४ ला सात दिवस मिळाले होते, इथे तीन वर्षं. पण तेव्हा प्रत्येक वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी होती. याच्याबद्दल मी गेल्या हंगामात सात-आठ बागायतदारांना विचारलं, ऐकलेला एकही नव्हता. रेग्युलेशनचा स्वभावच तसा, शांतपणे येतं. एकेका देशाने कायदा करायचा नसतो, त्यामुळे मधे बातमी व्हायचे टप्पेच येत नाहीत. तारीख उजाडली की सगळीकडे एकदम सुरू. आणि मोहोराची फवारणी डिसेंबर-जानेवारीत होते, फळ एप्रिल-मेमध्ये जातं. मार्चमधल्या तारखेचा निर्णय बागेत तीन महिने आधी घ्यायचा असतो.

म्हणून फोनवर करता येईल अशी एक गोष्ट सांगतो. युरोपचे सगळे कायदे युर-लेक्स नावाच्या त्यांच्या साइटवर फुकट आहेत. प्रत्येक कागदाला सेलेक्स नावाचा कोड असतो. बंदीचा कोड बघा: ३२०१४डी०२३७. पहिला ३ म्हणजे कराराखाली काढलेला कायदा. मग वर्ष. मग इंग्रजीतलं एक अक्षर. मग नंबर. ते मधलं अक्षरच सगळं सांगतं. डी असेल तर डिसिजन: शेवटच्या कलमावर जा, कुणाच्या नावाने आहे आणि मुदत कधी संपते ते बघा. आर असेल तर रेग्युलेशन: लागू होण्याची तारीख शोधा, कारण त्या दिवसानंतर सबब नाही. जीडीपीआरचा कोड ३२०१६आर०६७९. एल असेल तर डायरेक्टिव्ह: ज्या देशात माल पाठवायचा त्या देशाचा कायदा वेगळा शोधावा लागेल. चार्जरचा ३२०२२एल२३८०. ज्याने कुणी ही पद्धत बसवली त्याला माझ्याकडून एक पेटी.

मग कागदाच्या वरच्या भागात 'अमुक कायद्याच्या आधारे' अशी ओळ असते, तीही वाचा. आंब्यावरची बंदी ज्या २००० सालच्या डायरेक्टिव्हवर उभी होती, तो आता गेलाय. त्या जागी २०१६/२०३१ हे रेग्युलेशन १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. वनस्पती-आरोग्याच्या बाबतीतही डायरेक्टिव्हचं रेग्युलेशन झालं, डेटासारखंच. त्यामुळे आता जवळपास सगळ्या ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळं आणि खजूर. म्हणजे वारेच्या एकाच परड्यातला नारळ युरोपला कागदाशिवाय जाऊ शकतो आणि त्याच्या शेजारचा आंबा नाही. काकांना ही एवढी एक गोष्ट फार आवडली.

हे सगळं आंब्यापुरतं नाही. मिरकरवाड्याहून जाणाऱ्या माशांना १ जानेवारी २०१० पासून १००५/२००८ हे रेग्युलेशन लागतं. कुठल्या बोटीने, कुठे पकडला, याचं प्रमाणपत्र, त्यावर आपल्याकडच्या सरकारी यंत्रणेचा शिक्का. जो देश हे नीट पाळत नाही त्याला आधी इशारा आणि मग बंदी. श्रीलंकेला २०१२ मध्ये इशारा मिळाला, जानेवारी २०१५ मध्ये त्यांची मासळी बंद झाली, २०१६ मध्ये उघडली. तिथेही क्रम तोच: नियम रेग्युलेशनचा, शिक्षा डिसिजनने.

आणि शेवटचा मुद्दा, कारण एपिसोड आल्यावर तिघांनी हाच प्रश्न पाठवला. लंडनला पाठवायचं तर आता काय? ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युनियनमधून बाहेर पडलं आणि संक्रमणाचा काळ त्याच वर्षाच्या शेवटी संपला. तेव्हा लागू असलेले बरेच युरोपीय नियम त्यांनी आपल्या कायद्यात तसेच उतरवून घेतले, पण त्यानंतर दोन्हीकडचे कागद वेगवेगळे बदलत गेलेत. त्यामुळे २०२१ नंतर निघालेला सेलेक्स कोडचा कागद लंडनच्या पेटीला आपोआप लागेल असं धरून चालू नका, आणि लागणार नाही असंही नाही. तुमचा निर्यातदार 'युरोप' म्हणाला, तर पहिल्यांदा त्याला विमानतळाचं नाव विचारा.

तुमच्या घरी, बागेत किंवा बोटीवर असा एखादा कागद आला असेल तर त्याचा नंबर पाठवा, पुढच्या भागात आपण तो उघडून वाचू.